ऑसिलेटर चालतो हो, पण टिकतो का?

ऑसिलेटरचं प्रॅक्टिकल कसं होतं ते आपल्या सगळ्यांना तोंडपाठ आहे. ब्रेडबोर्डवर कॉलपिट्स जोडायचा, सीआरओवर साइन वेव्ह दिसली की बॅचमधल्या चौघांनी मिळून सुटकेचा नि:श्वास टाकायचा, एका सायकलला किती डबे लागतात ते मोजायचे, फ्रिक्वेन्सी काढायची, फॉर्म्युल्याच्या उत्तराशी ताडून पाहायची आणि सरांची सही घ्यायची. वीस मिनिटांत खेळ खलास! उरलेला वेळ कॅन्टीनला. पुढे व्हायवाला बार्कहाउझेनचा क्रायटेरियन म्हणून दाखवला की ऑसिलेटर या विषयाशी आपला संबंध संपला.

या सगळ्या गडबडीत एक साधा प्रश्न मात्र कोणीच विचारत नाही. सीआरओवर दिसलेली ती फ्रिक्वेन्सी अर्ध्या तासाने तिथेच होती का?

माझं स्पष्ट मत असं की ऑसिलेटर सुरू करणं ही विद्यार्थ्याची परीक्षाच नाही. अॅम्प्लिफायर बनवायला घेतला तर तोसुद्धा नको तेव्हा ऑसिलेट होतो! खरी परीक्षा आहे ती ऑसिलेटरला एका जागी बसवण्याची. आणि ती परीक्षा आपल्याकडे घेतलीच जात नाही, कारण आपल्या जर्नलच्या ऑब्झर्व्हेशन टेबलमध्ये 'वेळ' नावाचा रकानाच नाही. तो एक रकाना वाढवावा, एवढीच या लेखाची मागणी आहे. मागणी लहान आहे, पण तिच्यामागचं कारण लहान नाही.

फ्रिक्वेन्सी सरकली तर कोणाचं काय बिघडतं?

लॅबमध्ये कोणाचंच काही बिघडत नाही. बिघडतं ते हॅम लोकांचं. हॅम म्हणजे हौशी रेडिओवाले. सरकारी परीक्षा देऊन परवाना घ्यायचा, स्वतःचं कॉलसाइन मिळवायचं आणि छोट्या ट्रान्समीटरवर जगभर गप्पा मारायच्या, असा हा छंद. यातले बरेच जण आपला सेट आपणच बनवतात. त्या सेटचं हृदय म्हणजे व्हीएफओ, म्हणजेच हवी ती फ्रिक्वेन्सी लावता येणारा ऑसिलेटर.

आता आवाज पाठवायची पद्धत बघा. शॉर्टवेव्हवर हॅम मंडळी सिंगल साइडबँड वापरतात. त्यात पाठवणारा कॅरियर काढून टाकतो आणि ऐकणाऱ्याला तो आपल्या ऑसिलेटरमधून परत घालावा लागतो. दोघांच्या फ्रिक्वेन्सीत पन्नास हर्ट्झचा फरक पडला तरी कानाला कळतो. दोन-तीनशे हर्ट्झचा पडला की माणूस बदकासारखा बोलायला लागतो. सात मेगाहर्ट्झवर दोनशे हर्ट्झ म्हणजे किती? पस्तीस हजारांत एक! जर्नलमध्ये आपण पाच टक्के एररला 'रिझल्ट व्हेरिफाइड' लिहून मोकळे होतो, हे जाता जाता लक्षात घ्या.

संगणकावरच्या डिजिटल पद्धती तर याहून कडक. नोबेल पारितोषिक मिळवलेले भौतिकशास्त्रज्ञ जो टेलर हे स्वतः हॅम आहेत. त्यांनी २००८ मध्ये 'व्हिस्पर' नावाची पद्धत आणली. त्यातला एक संदेश जवळपास दोन मिनिटं चालतो आणि तो अख्खा सिग्नल सुमारे सहा हर्ट्झमध्ये मावतो. त्यातल्या शेजारच्या दोन टोनमधलं अंतर दीड हर्ट्झसुद्धा नाही. अशा ठिकाणी ऑसिलेटर दोन मिनिटांत भरकटला तर पलीकडच्या संगणकाला काहीच सापडणार नाही. तुमची पॉवर, तुमचा अँटेना, सगळं वाया.

आणि हे फक्त छंदाचं रडगाणं नव्हे. डिसेंबर २००४ मध्ये हैदराबादच्या नॅशनल इन्स्टिट्यूट ऑफ अॅमॅच्युअर रेडिओची एक तुकडी भारती प्रसाद यांच्या नेतृत्वाखाली अंदमानात गेली होती. गेली होती छंदासाठी, पण २६ डिसेंबरला सुनामी आली आणि पोर्ट ब्लेअरमधून मुख्य भूमीवर निरोप पोचवायच्या कामाला हीच माणसं लागली. अशा वेळी सगळी स्टेशनं एका ठरलेल्या फ्रिक्वेन्सीवर बसतात. त्याला 'नेट' म्हणतात. नेटवर एकाचा सेट सरकत राहिला की बाकीचे त्याच्यामागे डायल फिरवत राहतात आणि नाव, गाव, रक्तगट असले शब्द पुन्हा पुन्हा विचारावे लागतात. शिवाय संकटाच्या जागी एसी लॅब नसते. बॅटरी उतरत असते, दुपारी तंबू तापतो, रात्री गारठतो. म्हणजे ऑसिलेटरला सरकवणारं सगळं नेमकं तिथेच हजर!

एका पिकोफॅरडची गोष्ट

फ्रिक्वेन्सी सरकते म्हणजे नेमकं काय होतं, हे समजायला आपला नेहमीचाच एलसीचा फॉर्म्युला पुरतो. त्यातल्या वर्गमुळामुळे एल किंवा सी जेवढ्या टक्क्यांनी वाढेल त्याच्या निम्म्या टक्क्यांनी फ्रिक्वेन्सी खाली येते. समजा आपला टँक सर्किटचा सी आहे १०० पिकोफॅरड आणि फ्रिक्वेन्सी ७ मेगाहर्ट्झ. सी फक्त एक पिकोफॅरडने वाढला, तर फ्रिक्वेन्सी अर्धा टक्का, म्हणजे ३५ किलोहर्ट्झ खाली. भारतात हॅमना या भागात ७.० ते ७.२ मेगाहर्ट्झ एवढाच, म्हणजे २०० किलोहर्ट्झचा पट्टा आहे. एका पिकोफॅरडने त्याचा सहावा हिस्सा ओलांडला!

आता उलट्या बाजूने बघा. फ्रिक्वेन्सी ३५ हर्ट्झच्या आत राखायची असेल तर सी किती बदललेला चालेल? एक हजारांश पिकोफॅरड. नुसता हात जवळ नेला, डब्याचं झाकण किंचित दबलं, कॉइलची तार केसभर हलली, की एवढा फरक सहज पडतो. माझ्या मते बार्कहाउझेनच्या आधी हे गणित फळ्यावर यायला हवं. एकदा ते डोक्यात बसलं की ऑसिलेटरकडे बघायची नजरच बदलते. तो मग सर्किट डायग्राम राहत नाही, तापणारी, थंड होणारी, थरथरणारी एक वस्तू होते.

औषधं स्वस्त आहेत

गंमत म्हणजे यावरचे बहुतेक उपाय महाग नाहीत. जुने हॅम ते पिढ्यान् पिढ्या सांगत आले आहेत आणि त्यातल्या प्रत्येकामागे आपल्याच सिलॅबसमधली काहीतरी थिअरी आहे.

पहिली कॉइल. टोरॉइडवर गुंडाळायची तर कोअर कोणता हे महत्त्वाचं. आयर्न पावडरच्या पिवळ्या कोअरची, म्हणजे सहा नंबरच्या मिश्रणाची, परमिएबिलिटी दर अंशाला सुमारे ३५ पीपीएमने वाढते. लाल कोअरची, म्हणजे दोन नंबरची, सुमारे ९५ पीपीएमने. निम्मं करून सात मेगाहर्ट्झला लावा. पिवळा कोअर दर अंशाला साधारण १२० हर्ट्झ सरकवतो, लाल कोअर ३३० हर्ट्झ. दोन्ही दिसायला सारखे, फरक फक्त रंगाचा! जुन्या रेडिओतून काढलेली फेराइट तर व्हीएफओत घालूच नये, ती तापमानाला याहून कितीतरी हळवी. कॉइल गुंडाळून झाल्यावर ती उकळत्या पाण्यात बुडवून थंड करायची, असं दोन-तीनदा करायचं, म्हणजे तारेतला ताण निघून जातो आणि ती पुढे आपोआप सैल होत बसत नाही. ऐकायला आजीबाईच्या बटव्यातला उपाय वाटतो, पण मेकॅनिकलवाल्यांना विचारा, ते याला स्ट्रेस रिलीव्हिंग म्हणतील.

दुसरा कंडेन्सर. तपकीर गल्लीत किंवा लॅमिंग्टन रोडला जाऊन नुसतं "शंभर पीएफ द्या" म्हणू नका, "एनपीओ द्या" म्हणा. एनपीओ कंडेन्सर दर अंशाला जास्तीत जास्त ३० पीपीएम इकडे-तिकडे होतो. डिस्क प्रकारात त्याच्या डोक्यावर काळा ठिपका असतो. एक्स-सेव्हन-आर प्रकारचा कंडेन्सर मात्र त्याच्या पूर्ण तापमान-पट्ट्यात १५ टक्क्यांपर्यंत बदलू शकतो. सप्लाय फिल्टर करायला तो उत्तम, टँकमध्ये घातलात तर तुमचा व्हीएफओ थर्मामीटर झाला म्हणून समजा. पॉलिस्टायरीनचे कंडेन्सर तापले की उलट कमी होतात. कॉइल वाढते, कंडेन्सर घटतो, दोघांचं भांडण बरोबरीत सुटतं. याला टेंपरेचर कॉम्पेन्सेशन म्हणतात. एका मोठ्या कंडेन्सरऐवजी लहान चार-पाच पॅरलल लावले तर आरएफ करंटही वाटला जातो आणि प्रत्येक जण कमी तापतो.

तिसरा ट्रान्झिस्टर. त्याच्या पोटातली कपॅसिटन्स तापमानाने आणि व्होल्टेजने बदलते. ती बदलणारच, तिला थांबवता येत नाही. मग तिचं वजन कमी करायचं. क्लॅप, सायलर, व्हॅकार ही सर्किटं नेमकं हेच करतात. ट्रान्झिस्टरला मोठ्या कंडेन्सरांच्या आड बसवतात आणि टँकशी त्याचा संबंध अगदी हलका ठेवतात. परीक्षेत आपण 'क्लॅप हा कॉलपिट्सचा सुधारित प्रकार आहे' एवढंच लिहितो. सुधारला म्हणजे काय झालं, ते मात्र लिहीत नाही. आपल्या लॅबच्या ड्रॉवरमधला बीएफडब्ल्यू१० हा एफईटी यासाठी चांगला चालतो.

चौथा सप्लाय. बॅटरी १३ व्होल्टवरून ११.५ वर आली तरी व्हीएफओला पत्ता लागता कामा नये. म्हणून त्याला वेगळा रेग्युलेटर हवा. पण तो रेग्युलेटर स्वतः तापतो, तेव्हा त्याला कॉइलच्या शेजारी बसवू नका, डब्याच्या बाहेर काढा.

पाचवा लोड. पुढच्या स्टेजने करंट ओढला की फ्रिक्वेन्सी दचकते. मोर्स पाठवताना प्रत्येक टिंबागणिक सूर वाकतो आणि चिमणी चिवचिवल्यासारखं ऐकू येतं. मध्ये एक बफर टाकला की चिमणी उडाली.

सहावा डबा. जाड पत्र्याचा, स्क्रूने आवळलेला. हायलमच्या पट्टीवर उघडा ठेवलेला व्हीएफओ होस्टेलच्या पंख्याखाली एक आकडा दाखवतो आणि पंखा बंद केला की दुसरा! डब्याला बाहेरून थर्मोकोल लावलं तर बाहेरचं तापमान आत पोचायला वेळ लागतो. सरकणं थांबत नाही, पण सावकाश होतं, आणि पाच मिनिटांच्या बोलण्यात सावकाश सरकणारा सेट त्रास देत नाही.

सातवी युक्ती सगळ्यात हुशारीची. व्हीएफओ मुळातच कमी फ्रिक्वेन्सीवर चालवायचा आणि क्रिस्टलच्या स्थिर सिग्नलशी मिक्स करून वर न्यायचा. ९ मेगाहर्ट्झच्या आयएफबरोबर ५ मेगाहर्ट्झचा व्हीएफओ मिसळून १४ मेगाहर्ट्झवर जायची पद्धत हॅम सेटमध्ये वर्षानुवर्षं चालत आली ती याचसाठी. टक्केवारी तीच राहते, पण पाचाचा एक टक्का चौदाच्या एक टक्क्यापेक्षा लहानच असणार.

"अरे, पण चिप मिळते ना!"

इथपर्यंत वाचलेल्या होस्टेलच्या मित्रांचा चेहरा मला दिसतोय. "एवढी उठाठेव कशाला? एसआय५३५१ ची पाटी आणायची, आर्डुइनोला जोडायची, हवी ती फ्रिक्वेन्सी टाइप करायची. झालं!"

मुद्दा खोटा नाही. हैदराबादचे अशर फरहान यांनी भारतातल्या बाजारात मिळतील असेच पार्ट वापरून बिटेक्स२० हा सेट जगाला दिला, त्यात कॉइल-कंडेन्सरचाच व्हीएफओ होता. त्यांच्याच पुढच्या बिटेक्स४० बरोबर 'राडुइनो' ही एसआय५३५१ ची पाटी मिळायला लागली. म्हणजे जाणकारांनीही चिप स्वीकारली. उद्या मला खराखुरा सेट हवेवर आणायचा असेल तर मीही चिपच लावीन. त्यात कमीपणा काही नाही.

पण चिपने प्रश्न सुटला हे म्हणणं मला मान्य नाही. चिपने प्रश्न एका घरातून उचलून दुसऱ्या घरात नेला. एसआय५३५१ ला फ्रिक्वेन्सी कोण देतं? शेजारचा २५ मेगाहर्ट्झचा क्रिस्टल. साध्या क्रिस्टलमध्ये ३० पीपीएमचा फरक सहज असतो. सात मेगाहर्ट्झवर तो २१० हर्ट्झ होतो, २८ मेगाहर्ट्झवर ८४० हर्ट्झ. कायमचा फरक एकदा मोजून प्रोग्रॅममध्ये दुरुस्त करता येतो, हे खरं. पण तापमानाने होणारा बदल तसाच राहतो. नेहमीच्या एटी-कट क्रिस्टलचा तापमानाचा आलेख खोलीच्या तापमानाजवळ बऱ्यापैकी सपाट असतो आणि दोन्ही टोकांना वळतो. पाटीवरचा रेग्युलेटर क्रिस्टलला चिकटून बसला असेल तर क्रिस्टल खोलीच्या तापमानाला राहीलच कसा? मग टीसीएक्सओ घ्यावा लागतो, त्यात सरकणं एक-दोन पीपीएमपर्यंत खाली येतं. त्याहून पुढे क्रिस्टलला छोट्या भट्टीत कायम एका तापमानाला ठेवणारा ओसीएक्सओ, आणि शेवटी जीपीएसच्या दर सेकंदाच्या पल्सला बांधलेला ऑसिलेटर. पायऱ्या वाढतात, प्रश्न तोच: तापमान, व्होल्टेज, लोड, वेळ.

मधल्या वाटेनेही लोक गेले आहेत. नेदरलँड्सचे हॅम क्लास स्पारगारेन यांनी १९७० च्या दशकात 'हफ अँड पफ' नावाची युक्ती काढली. साध्या व्हीएफओच्या सायकली थोडा वेळ मोजायच्या, काउंटरचा शेवटचा आकडा पाहायचा आणि त्यावरून व्हॅरिकॅपचं व्होल्टेज जरासं वर किंवा खाली ढकलायचं. थोड्याशा लॉजिक आयसींमध्ये काम होतं. पण अट एकच: मुळातला व्हीएफओ बऱ्यापैकी शहाणा हवा. वेड्यासारखा पळणाऱ्याला ते सर्किटही आवरू शकत नाही. म्हणजे पाया कच्चा असेल तर कळस चढवून उपयोग नाही.

म्हणून माझा आग्रह चिपच्या विरोधात नाही, न मोजण्याच्या विरोधात आहे. ज्याने एकदा स्वतःच्या व्हीएफओचा तासाभराचा आलेख काढलाय, तोच चिपच्या पाटीवर क्रिस्टल कुठे बसलाय हे वाकून बघेल. बाकीचे टाइप केलेल्या आकड्यावर विश्वास ठेवतील.

एक रकाना, तेरा रीडिंग

आता प्रत्यक्ष काय करायचं ते सांगतो. प्रॅक्टिकल दोन तासांचं असतं. पहिल्या अर्ध्या तासात सर्किट जोडून चालू करायचं. शून्य मिनिटापासून साठाव्या मिनिटापर्यंत दर पाच मिनिटांनी फ्रिक्वेन्सी काउंटरवरचा आकडा आणि सर्किटजवळचं तापमान लिहायचं. तेरा रीडिंग होतात. काउंटरचा गेट एक सेकंदाचा ठेवला की एक हर्ट्झपर्यंतचा बदल दिसतो. तापमानाला एलएम३५ आहेच. काउंटरही आधी तापू द्यायचा, कारण त्याच्या पोटातही क्रिस्टलच आहे! त्याची परीक्षा घ्यायची असेल तर शॉर्टवेव्ह रिसीव्हरवर १० मेगाहर्ट्झला चीनचं बीपीएम किंवा अमेरिकेचं डब्ल्यूडब्ल्यूव्ही हे वेळेचे सिग्नल देणारं स्टेशन ऐकू येतं का बघावं आणि त्याच्याशी झीरो बीट करावं. हे सगळं अँटेना न जोडता, डबा बंद ठेवून. हवेवर जायचं ते परवाना मिळाल्यावरच.

मग ग्राफ पेपर घ्यायचा. आलेख तीन प्रकारचा निघतो. सुरुवातीला भरभर सरकून पंधरा-वीस मिनिटांनी सपाट झाला, तर तो आतला गरमपणा. एकसारखा उतरत किंवा चढत राहिला, तर खोलीचं तापमान आणि तुमचा कोअर-कंडेन्सर. मध्येच टुणकन उडी मारली, तर सैल तार, ब्रेडबोर्डचा ढिला क्लिप किंवा कोरडं सोल्डरिंग. मार्क फ्रिक्वेन्सी बरोबर आली म्हणून देऊ नयेत, 'का सरकली' याच्या उत्तराला द्यावेत. दुसऱ्या टर्नला एकच गोष्ट बदलायची, कोअर किंवा कंडेन्सर किंवा डबा, आणि पुन्हा तेरा रीडिंग.

स्टाफमधून दोन आक्षेप येतील. एक, वेळ कुठाय? वेळ आहे, तो सध्या कॅन्टीनमध्ये जातो. दोन, काउंटर एकच आहे. मग बॅचला एकच सर्किट चालेल, रीडिंग पाळीपाळीने घ्या.

आणि एक फायदा जो मला सगळ्यात मोठा वाटतो. आपली जर्नल कशी भरतात हे सरांनाही माहीत आहे आणि मामांनाही. सीनियरचं जर्नल येतं, त्याच्याही सीनियरचं त्याच्याकडे आलेलं असतं. कॉलपिट्सची फ्रिक्वेन्सी वर्षानुवर्षं तीच, एररसुद्धा तीच! सर्किटपेक्षा जर्नलचीच स्टॅबिलिटी जास्त. पण सरकण्याचा आलेख उतरवता येत नाही. तुमचा कोअर, तुमचं सोल्डरिंग, त्या दुपारचं ऊन, वरचा पंखा, सगळं मिळून तो आलेख तुमचाच असतो. शेजारच्या टेबलवरचासुद्धा तुमच्यासारखा निघणार नाही. ज्या प्रॅक्टिकलचं उत्तर कॉपी करता येत नाही, ते प्रॅक्टिकल करावंच लागतं.

येत्या टर्मला एखाद्या बॅचने हे करून पाहावं आणि आलेख लॅबबाहेरच्या नोटीस बोर्डावर लावावा. नावासकट, कोअरच्या रंगासकट. कोणाचा सर्वात सपाट आला यावरून होस्टेलमध्ये भांडणं झाली तर मला आनंदच होईल.